तबल्याचा प्रोफेसर

बालगंधर्वांविषयी मराठी माणसाला नव्याने काही सांगावे लागत नाही. त्यांची नथ, त्यांचा शालू, त्यांचे ‘वन्समोर’ आणि त्यांचे कर्ज, या चार गोष्टी ज्याने त्यांना कधी पाहिले नाही त्यालाही पाठ असतात. पण त्याच रंगमंचाच्या पुढ्यात, प्रेक्षकांकडे पाठ करून, रात्र रात्र गाणाऱ्याच्या मुद्रेवर डोळे रोखून ज्याने ठेका धरला, त्या माणसाचे नाव विचारले तर दहातले नऊ जण गप्प बसतील. दहावा थोडा गाण्यातला असला तर म्हणेल, “थिरकवाँसाहेब!” पण नावापलीकडे त्यालाही फारसे काही सांगता येईल असे वाटत नाही.

माझे आजोबा तरुणपणी अमरावतीला गंधर्व मंडळीचे नाटक पाहून आले होते. इकडे केळापूर तालुक्यातून अमरावती गाठायची म्हणजे त्या काळी लहानसहान गोष्ट नव्हती. त्यामुळे ते एक नाटक त्यांना जन्मभर पुरले. कोणते पद कितीदा घेतले, कोणत्या जागेवर टाळी पडली, हे सारे ते बोटांवर मोजून सांगत. तबल्यावर कोण होते, असे विचारले की म्हणत, “होता एक मुसलमान उस्ताद. हात असा चाले की बाबा, पाणी वाहावे!” उपमा ध्यानात राहिली आणि नाव मात्र विसरले गेले. साथीदाराच्या वाट्याला येते ते बहुधा इतकेच. ज्या माणसाच्या वाट्याला त्याहून पुष्कळ अधिक आले, आणि तेही मराठी रंगभूमीच्या दारातून जाऊन आले, त्याची हकीकत दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवावी, असे फार दिवस मनात होते.

पाश्चात्त्यांच्या मोठ्या वाद्यवृंदात अगदी मागच्या बाजूला तांब्याच्या दोन, तीन, कधी चार मोठ्या नगाऱ्यांमागे एक माणूस उभा असतो. त्या नगाऱ्यांना ते टिंपनी म्हणतात. शंभर वादकांत तो एकटाच. पुष्कळ वेळ नुसता मोजत उभा राहतो. पण त्याचा एक ठोका चुकला तर साऱ्या वृंदाची घडी विस्कटते. बीथोवनने १८०६ साली आपल्या व्हायोलिनच्या कन्सर्टोची सुरुवातच या नगाऱ्याच्या हलक्या ठोक्यांनी करून दिली, तेव्हा या मागच्या माणसाला पुढे येण्याचा मान मिळाला. तिकडे युरोप-अमेरिकेत अशी माणसे संध्याकाळी वृंदात वाजवतात आणि सकाळी विद्यापीठात तालवाद्यांचे अध्यापक म्हणून वर्ग घेतात. एकाच माणसाला साथीची बैठक आणि गुरूचे आसन अशा दोन जागा असतात, आणि त्यात तिकडे कोणाला नवल वाटत नाही.

आणि गंमत अशी की ही टिंपनी मूळची आपल्याच बाजूची. अरबांचा ‘नक्कारा’ धर्मयुद्धांच्या काळात युरोपात गेला. पुढे पंधराव्या शतकात तुर्की फौजांबरोबर घोड्याच्या पाठीवरचे मोठे जोडनगारे तिकडे पोचले आणि राजेरजवाड्यांच्या दरबारांत मानाला चढले. आपल्याकडे तोच नक्कारा ‘नगारा’ झाला. रायगडावर नगारखान्याचा दरवाजा अजून उभा आहे. आमच्या केळापूरला जगदंबेच्या नवरात्रात आरतीच्या वेळी नगाऱ्यावर टिपरी पडली की अंगणातली पोरे खेळ टाकून देवळाकडे धावतात, आणि पलीकडे कोलामांच्या पोडावर सणाच्या रात्री ढोल सुरू झाला की तो पहाटेपर्यंत थांबत नाही. लय आम्हाला कोणी शिकवावी लागत नाही. पण त्या लयीला विद्या म्हणावे आणि ती वाजवणाराला विद्वान म्हणावे, हे मात्र आपल्या समाजाला फार उशिरा सुचले.

तबला हाही जोडवाद्यच. उजवा लाकडाचा, डावा तांब्यापितळेचा. वर कातड्याची पुडी आणि पुडीवर काळी शाई. ही शाई म्हणजे नुसती शोभा नव्हे. लोखंडाच्या चुऱ्याची ती लुगदी थरावर थर देऊन, घोटून घोटून बसवावी लागते, आणि तिच्यामुळेच या वाद्याला बोलका सूर येतो. एरवी कातडे ताणलेल्या वाद्यातून नाद निघतो, पण त्यात सुराची शिस्त नसते. मृदंग-तबल्याच्या शाईमुळे मुख्य सुराच्या वरचे उपस्वर कसे नीट एकमेकांशी जुळतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली शास्त्रीय नियतकालिकात लिहून दाखवले. नोबेल पारितोषिक त्यांना पुढे १९३० साली मिळाले, ते दुसऱ्या शोधाबद्दल. परंतु ज्या अनाम कारागिराने पहिल्यांदा पुडीवर शाईचा ठिपका ठेवला त्याचे बौद्धिक सामर्थ्य त्या लेखाने जगासमोर आणले, यात शंका नाही.

असो. आता मूळ माणसाकडे वळतो.

अहमदजान यांचा जन्म १८९२ च्या सुमारास उत्तर हिंदुस्थानात मुरादाबादला, वाजवणाऱ्यांच्या घरात झाला. प्रारंभी त्यांना गाणे आणि सारंगी शिकवली गेली. पण मुनीरखाँ यांचा तबला कानी पडला आणि पोराचे चित्त सारंगीवरून उडाले. बाराव्या वर्षाच्या सुमारास तो मुनीरखाँचा शागीर्द झाला. मुनीरखाँचे वास्तव्य मुंबईत. तेव्हा हा मुलगाही मुंबईचा झाला. रियाजाच्या वेळी त्याची बोटे तबल्यावर अशी नाचत की गुरूचे वडील काळेखाँ कौतुकाने म्हणाले, याची बोटे ‘थिरकतात’. तेव्हापासून ते नाव चिकटले, असे सांगतात. पाळण्यातले नाव मागे पडावे आणि हाताने कमावलेले नाव पुढे यावे, असा योग फार थोड्यांच्या कुंडलीत असतो.

मुनीरखाँ हे विलक्षण गुरू. त्या काळी तबल्याची घराणी म्हणजे जणू कुलुपबंद पेट्या होत्या. दिल्लीचा बाज दोन बोटांचा, नाजूक आणि किनारीवरचा. लखनौ-फरुखाबादचा पंजा मोकळा, जोरकस. अजराड्याची लय आडवी. बनारस-पंजाबची तऱ्हा आणखी निराळी. एका घरची चीज दुसऱ्या घरी जाऊ द्यायची नाही, अशी शपथच. उस्ताद आपल्या मुलीच्या लग्नात जावयाला कायदे-गती आंदण देत, अशा कथा आहेत. मुनीरखाँनी पुष्कळ उस्तादांच्या पायाशी बसून निरनिराळ्या घरांतली विद्या गोळा केली आणि मुंबईसारख्या कोणत्याच घराण्याच्या नसलेल्या शहरात ती शिष्यांपुढे मांडली. थिरकवाँच्या हातात दिल्ली आणि फरुखाबाद एकाच मैफलीत गुण्यागोविंदाने नांदत, त्याचे कारण हे. त्यांचे गुरुबंधू अमीर हुसेनखाँ यांनीही हीच परंपरा मुंबईत पुढे वाढवली आणि कित्येक मराठी शिष्य तयार केले.

मुंबईतल्या या तरुणाला गंधर्व नाटक मंडळीने उचलले. ही मंडळी १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी काढली. १९१६ साली भास्करबुवा बखल्यांच्या चालींनी नटलेले ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आले आणि नाटकाचे थिएटर गाण्याच्या मैफलीसारखे भरू लागले. मंडळीच्या भरभराटीच्या काळात ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर थिरकवाँ असा त्रिवेणी संगम रंगमंचासमोर बसत असे. दरबारात शोभणारे वादक नाटकाच्या खड्ड्यात आणून बसवायचे, हा बालगंधर्वांचा शौक होता. मंडळी कर्जात का बुडाली, याचा हिशेब मांडणारे या शौकाकडे बोट दाखवतात. पण त्या शौकाची रास आजही मराठी कानात शिल्लक आहे, हेही हिशेबात धरायला हवे.

नाटकातली साथ ही मैफलीतल्या साथीहून अवघड असते, हे सहसा ध्यानात येत नाही. मैफलीत गायक समोर बसलेला असतो. नाटकात तो चालतो, वळतो, रुसतो, पाठमोरा होतो. पदाच्या मध्येच संवाद येतो. तेव्हा ठेका इतका दबका ठेवायचा की शब्द झाकता कामा नये, आणि इतका स्पष्ट की गाणाऱ्याची सम सुटता कामा नये. त्यात एका पदाला पाच पाच वन्समोर! प्रत्येक वेळी गाणारा नवी जागा घेणार, आणि तबलजीने जणू तीच जागा आधीपासून ठाऊक असल्याप्रमाणे तिला पाट मांडायचा. एक पद लावणीच्या वळणाचे, दुसरे ठुमरीच्या, तिसरे थेट बंदिशीवर बेतलेले. म्हणून आता धुमाळी, मग दादरा, लगेच एकताल नाही तर त्रिताल. निरनिराळ्या पात्रांचे सूर निराळे. त्या त्या सुराचा तबला हातोडीने जुळवून तयार हवा. ध्वनिक्षेपक नसताना हे सारे शेवटच्या रांगेतल्या पिटातल्या माणसालाही ऐकू जायचे. जी बोटे एकट्याने वाजवताना साऱ्या सभेला थक्क करू शकत होती, त्या बोटांनी रात्रीचे सहा सहा तास नुसता ठेका धरून बसायचे! माझ्या मते थिरकवाँच्या आयुष्यातली सर्वांत मोठी तालीम गुरूच्या घरी झाली नाही. ती नाटकाच्या त्या खड्ड्यात झाली. ज्याला न वाजवणे साधले, त्याच्याच वाजवण्याला वजन येते.

मराठी मुलखानेही त्यांच्याकडून पुष्कळ घेतले. त्या वेळी तबला हे घरंदाज माणसाचे वाद्य मानले जात नसे. तबलजी म्हटला की तमाशा-कोठी यांचीच आठवण व्हायची. पेटी शिकणारा मुलगा बिघडला म्हणत, तबला शिकणारा पार वाया गेला म्हणत. पण गंधर्वांच्या नाटकाला सहकुटुंब जाणाऱ्या गृहस्थाने तो तबला ऐकला, आणि घरी येऊन मुलाने पाटावर बोटे आपटली तर त्याच्या कानशिलात देण्यासाठी उचललेला हात थोडा तरी अडखळू लागला. मुरादाबादच्या मुसलमान उस्तादापुढे पुण्यामुंबईचे गोखले, जोशी, पुरोहित, गाईतोंडे गंडा बांधून बसले. जगन्नाथबुवा पुरोहित पुढे गायक आणि गुरू म्हणून ‘गुणीदास’ या नावाने प्रसिद्धीस आले. तबल्याची विद्या त्यांनी थिरकवाँकडून घेतली होती. लालजी गोखले, भाई गाईतोंडे यांनी ती मराठी घरांत रुजवली. निखिल घोष हे बंगाली. त्यांनी १९५६ साली मुंबईत संगीत शिकवण्याची संस्था काढली, तीच पुढे ‘संगीत महाभारती’ झाली. जात, भाषा, धर्म यांच्या भिंतींवर व्याख्याने पुष्कळ झाली आहेत. पण त्या भिंतींना खिंडारे पडली ती अशी, एका वेळी एक शिष्य करून.

मग दिवस फिरले. १९३१ साली ‘आलम आरा’ने पडदा बोलका केला, १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला, आणि नाटक कंपन्यांची वस्ती उठू लागली. १९३५ साली खुद्द बालगंधर्व ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’ बोलपटात उतरले. घोड्यांच्या पागा मोडल्या की खोगीर बनवणाराचे काय होते, तेच नाटकाच्या साजिंद्यांचे झाले. कित्येक जण बोलपटांच्या वाद्यवृंदात शिरले, कित्येक घरी बसले. थिरकवाँ १९३६ च्या सुमारास रामपूरच्या नबाबाच्या दरबारी गेले. रामपूर म्हणजे उत्तरेतल्या गायनाची गंगोत्री. तिथे दरबारी वादक होणे म्हणजे कळसाला पोचणे. पण कळस झाला तरी तो देवळावर अवलंबून. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली रामपूर संस्थान भारतात विलीन झाले. दरबारच संपले, तिथे दरबारी वादकांना कोण विचारतो? नाटक मंडळी आणि दरबार हे कलावंताचे दोन्ही आश्रय एका आयुष्यात डोळ्यांदेखत विरघळलेले त्यांनी पाहिले.

तिसरा आश्रय मिळाला तो शाळेचा, आणि त्या शाळेचा पाया घातला होता एका मराठी वकिलाने. विष्णू नारायण भातखंडे यांनी देशभर हिंडून उस्तादांच्या पेट्यांतल्या चिजा गोळा केल्या, त्यांची स्वरलिपी बनवली, आणि १९२६ साली राय उमानाथ बली यांच्या साहाय्याने लखनौला संगीताचे कॉलेज उभारले. त्या वेळच्या गव्हर्नरावरून त्याला ‘मॅरिस कॉलेज’ म्हणत. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी सुमारे तीन दशके त्याचा कारभार प्राचार्य म्हणून सांभाळला. पुढे त्याला भातखंडे यांचे नाव मिळाले. २००० साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा लाभला आणि २०२२ पासून ते राज्याचे विद्यापीठ झाले आहे. या संस्थेत थिरकवाँसाहेब तबल्याचे प्रोफेसर झाले, त्या विभागाचे प्रमुख झाले, आणि निवृत्तीच्या वयानंतरही सन्माननीय प्राध्यापक म्हणून त्यांचे नाव संस्थेशी जोडलेले राहिले.

मी स्वतः मॅट्रिकपर्यंतच शिकलेला माणूस. तेवढ्या भांडवलावर मी मुलांना शिकवतो आणि चार कादंबऱ्याही लिहिल्या. म्हणून ‘प्रोफेसर’ या शब्दापाशी मी जरा जास्त वेळ रेंगाळलो, तर वाचक क्षमा करतील. ज्याची विद्या कोणत्याही पदवीच्या कागदावर लिहिलेली नव्हती, अशा माणसाला एका कॉलेजाने प्रोफेसरची खुर्ची दिली. उपकार म्हणून नव्हे. त्याच्यावाचून तो विभाग पोरका राहिला असता म्हणून दिली. आमच्याकडे अजून शिक्षक नेमताना प्रथम कागद पाहतात, मग वाटले तर माणूस पाहतात. कागद पाहू नये असे मी म्हणत नाही; कागद नसता तर वशिल्याला रान मोकळेच मिळते. पण जी विद्या हातात असते, कुंभाराची, सुताराची, सुइणीची, वाजवणाराची, तिला कागद कोणी द्यायचा? पहिला कागद देणाऱ्याजवळ तरी कागद कुठून असणार?

खुर्ची मिळाली, तरी प्रश्न सुटला नाही. उलट खरा प्रश्न तिथेच सुरू झाला. तबला वर्गात शिकवता येतो काय? भातखंड्यांच्या लिपीत समेला फुली, खालीला शून्य, बाकीच्या टाळ्यांना आकडे; त्याखाली ‘धा धिं धिं धा’ मांडले की त्रिताल वहीत उतरला. वहीत उतरला, पण हातात नाही. तोच ‘धा’ दिल्लीवाला चाटेवर काढतो, पूरबवाला हात मोकळा टाकून काढतो. डाव्यावर मनगटाचा दाब किती, बोट उचलायचे केव्हा, याची लिपी कोणी केलेली नाही. त्याला वादक ‘निकास’ म्हणतात, आणि निकास एका हातातून दुसऱ्या हातात जातो. मध्ये कागद ठेवला तर तिथेच अडतो. गुरुगृही शागीर्द वर्षानुवर्षे एकच बोल घोटीत बसे. कॉलेजात तास झाला की घंटा वाजते, आणि मार्च-एप्रिलात परीक्षा येते.

मग कॉलेज व्यर्थ म्हणावे? तसेही नाही. गुरुगृहाचे दार सर्वांना उघडे नव्हते. ज्याच्या बापाची ओळख नाही, ज्याच्याजवळ नजराणा नाही, ज्याची जात गुरूला पटत नाही, आणि बहुतेक साऱ्या मुली, यांच्यासाठी ते दार बंदच होते. एक वही आणि माफक फी घेऊन आलेल्या कोणालाही आत घेणारी जागा शाळाच. हा वाद नवा नव्हे. वाईजवळच्या बावधनचे नाना पानसे एकोणिसाव्या शतकात इंदूरला होळकरांच्या आश्रयास राहिले. पखवाजाची विद्या त्यांनी सोपी आणि हिशेबी करून इतक्या शिष्यांना दिली की त्यांच्या नावाचे घराणेच झाले. मोकळ्या हाताने वाटल्याने विद्या पातळ होते, असे म्हणणारे त्याही वेळी असतीलच. पण वाटली नाही तर ती पेटीतच वाळवी लागून जाते, हे आपण कित्येक चिजांच्या बाबतीत पाहिले आहे. थिरकवाँसारखा माणूस खुर्चीवर बसला याचे मोल एवढ्यासाठी की वही आणि हात यांच्यामधली दरी त्याच्या एकट्याच्या अस्तित्वाने भरून निघत होती. परीक्षेपुरते शिकणाऱ्या मुलालाही समोर जिवंत हात दिसत होता, आणि आपण जे लिहून घेतले ते म्हणजे काय, हे कानाने कळत होते.

सरकारदरबारीही कदर झाली. संगीत नाटक अकादमीच्या सुरुवातीच्या मानकऱ्यांत ते होते, आणि १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले. तबलावादनाचा स्वतंत्र कार्यक्रम ऐकायला लोक मुद्दाम जमतात, साथीदार एकटाही सभा जिंकू शकतो, ही गोष्ट रुजवणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. उतारवयातही त्यांच्या वादनातली रेष कापरी झाली नाही. त्यांच्या ध्वनिमुद्रणांतून आजही ते ऐकून घ्यावे. घाई नाही, कसरत नाही, एका कायद्यातून दुसरा पलटा असा निघतो की जणू वाटेवरच्या झाडाला फांदी फुटावी. बालगंधर्व १५ जुलै १९६७ रोजी गेले. थिरकवाँ १३ जानेवारी १९७६ रोजी लखनौत निवर्तले.

आज आमच्यासारख्या आडगावच्या भागातूनही मुले तबल्याच्या परीक्षांना बसतात. १९३१ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देऊन मुली ‘विशारद’ होतात, आणि त्यांचे आईबाप पेढे वाटतात. पेढा हातावर ठेवताना कोणी म्हणत नाही की पोरगी वाया गेली. हा बदल आपोआप झाला, असे आपल्याला वाटते. तो आपोआप झाला नाही. रंगमंचाच्या पुढ्यात, प्रेक्षकांकडे पाठ करून कोणीतरी बसले होते. त्याने तो ठेक्याठेक्याने केला. तिकडे मुंबईत २००६ सालापासून भारताचा स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद आहे, आणि त्यातही मागे तांब्याच्या नगाऱ्यांपाशी एक जण उभा असतो. कार्यक्रमाला गेलात तर एक करा: पुढच्या व्हायोलिनवाल्यांवरून नजर काढून क्षणभर मागे पाहा. आणि नाटकाला, भजनाला, गावच्या गणपतीपुढल्या गाण्याला गेलात, तर टाळ्या वाजवून झाल्यावर तबलजीचे नाव तेवढे विचारून घ्या. माझ्या आजोबांचे ते राहून गेले होते.